फोटोतली आगगाडी खेळणं का दिसते? लेन्स आणि सॉफ्टवेअर निवडण्याआधी थोडं

जयविलास पॅलेसच्या भोजनदालनातली शिंद्यांची चांदीची आगगाडी ग्वाल्हेरच्या मराठी घरांनी आल्यागेल्या पाहुण्यांना हमखास दाखवलेली असते. टेबलावर रूळ, त्यावर काचेच्या सुरया आणि सिगार घेऊन फिरणारी गाडी. कुणी सुरई उचलली की ती थांबायची. मोबाइलवर काढलेला तिचा फोटो पाहिला की रुखवतातल्या चांदीच्या भांड्यांची आठवण येते. तिथं ते चालून जातं, कारण ती शोभेचीच वस्तू आहे. पण घरी महिनोन्‌महिने खपून एखाद्यानं नॅरोगेजचं इंजिन तयार केलं, डब्यांवर गंज रंगवला, खडी पसरली, आणि फोटोत ते पोराच्या खेळण्यासारखं दिसलं, तर जीव हळहळतो.

आपल्याकडे हा विषय आता जास्त निघतो, त्याला कारण आहे. ग्वाल्हेर ते श्योपूर कलां ही दोन फुटी, म्हणजे ६१० मिलिमीटर रुंदीच्या रुळांवरची सुमारे दोनशे किलोमीटरची छोटी गाडी मार्च २०२० मध्ये थांबली ती पुन्हा सुटलीच नाही. तिच्या जागी ब्रॉडगेजचं काम हाती घेतलं गेलं. खरी गाडी गेल्यावर तिचं छोटं रूप घरात असावं असं वाटणारे लोक आहेत, आणि मॉडेल झालं की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: कॅमेरा कोणता घेऊ, लेन्स कोणती घेऊ? माझ्या मते हा प्रश्न शेवटून दुसरा असायला हवा. आधी फोटोत बिघडतं काय ते कळलं, तर बहुतेकांना कळेल की हवं ते सामान घरात आधीच आहे.

डोळा आकार कसा ओळखतो

मोबाइलमध्ये किंवा फोटोच्या ॲपमध्ये 'मिनिएचर' नावाचा इफेक्ट असतो. ग्वाल्हेरच्या महाराज बाड्याच्या चौकाचा गच्चीवरून काढलेला फोटो त्यात घाला. ॲप फोटोचा वरचा आणि खालचा भाग धूसर करतं, मधली पट्टी स्पष्ट ठेवतं, आणि खऱ्या टमटम, खरी माणसं, खऱ्या इमारती एकदम खेळण्यातल्या वाटू लागतात. फोटोतली कुठलीच वस्तू लहान झालेली नसते. बदलतो तो फक्त धूसरपणा.

याचं कारण साधं आहे. डोळ्याजवळ धरलेल्या छोट्या वस्तूकडे पाहताना तिच्या पुढचं-मागचं सगळं धूसर होतं. लांबच्या मोठ्या वस्तूकडे पाहताना पुढचं-मागचं बहुतेक सगळं स्वच्छ दिसतं. आयुष्यभराच्या सवयीनं मेंदूनं हा नियम पाठ केलेला असतो. म्हणून इंजिनाचं नाक स्पष्ट आणि तिसऱ्या डब्यापासून सगळं लोण्यासारखं वितळलेलं दिसलं, की रंगकाम कितीही उत्तम असो, पाहणारा मनात म्हणतो, 'छान खेळणं आहे.' पोर्ट्रेट फोटोत ज्या धूसर पार्श्वभूमीसाठी लोक महागड्या लेन्स घेतात, ती इथं आपली शत्रू.

तीस सेंटिमीटर म्हणजे सव्वीस मीटर

मॉडेल रेल्वेत सर्वांत जास्त चालणारं प्रमाण म्हणजे एचओ, १:८७. खऱ्या वस्तूचे सत्त्याऐंशी भाग केले तर त्यातला एक. रेल्वेचं सतरा मीटरचं डब्ल्यूडीएम-२ डिझेल इंजिन या प्रमाणात जेमतेम वीस सेंटिमीटरचं होतं. आपले दोन फुटी रूळ फक्त ७ मिलिमीटर रुंद होतात. एन नावाचं प्रमाण आणखी लहान, १:१६०.

हाच भागाकार उलटा करून कॅमेऱ्याला लावला की बरीच गुपितं उघडी पडतात. एचओ मॉडेलपासून ३० सेंटिमीटरवर कॅमेरा धरणं म्हणजे खऱ्या गाडीपासून २६ मीटरवर उभं राहणं. एक मीटर लांब गेलात तर खऱ्या जगात ८७ मीटर. टेबलावर ठेवलेल्या मोठ्या कॅमेऱ्याच्या लेन्सचा मध्य टेबलापासून चार-पाच सेंटिमीटर वर असतो. तो खऱ्या मापात साडेतीन-चार मीटरवर, म्हणजे जवळजवळ डब्याच्या छपराइतक्या उंचीवर गेला! आपण गाडी कधी छपराच्या उंचीवरून पाहतो? फलाटावर किंवा रुळाशेजारी उभं राहून पाहतो. उभ्या माणसाचा डोळा एचओ प्रमाणात १८ मिलिमीटरवर येतो. खेळणं वाटण्याचं दुसरं मोठं कारण हे आहे, आणि ते कुठल्याही लेन्सनं दूर होत नाही. मॉडेल टेबलाच्या कडेला आणा आणि कॅमेरा टेबलाबाहेर, ट्रायपॉडवर खाली उतरवा. खर्च शून्य.

स्पष्टतेचा पट्टा किती जाड

आता थोडं तांत्रिक. लेन्स ज्या अंतरावर फोकस करते, त्याच्या थोडं अलीकडे आणि थोडं पलीकडेही चित्र स्पष्ट राहतं. या जाडीला डेप्थ ऑफ फील्ड म्हणतात. पुढे मी तिला नुसता 'पट्टा' म्हणेन. लेन्समधल्या भोकाला अपर्चर म्हणतात आणि ते एफ-नंबरमध्ये मोजतात. नंबर मोठा म्हणजे भोक लहान, आणि भोक लहान म्हणजे पट्टा जाड.

किती जाड? साधा डीएसएलआर किंवा मिररलेस कॅमेरा घेऊ, ज्याचा सेन्सर, म्हणजे चित्र टिपणारा भाग, सुमारे २३ मिलिमीटर रुंद असतो (याला एपीएस-सी म्हणतात). चौकटीत २३ सेंटिमीटर रुंदीचं दृश्य घेतलं, म्हणजे एक इंजिन आणि थोडी मोकळी जागा. एफ/२.८ ला पट्टा येतो साधारण १२ मिलिमीटर. एफ/८ ला ३५ मिलिमीटर. एफ/१६ ला ७० मिलिमीटर. तेच वीस सेंटिमीटरचं इंजिन तिरकं, ४५ अंशात उभं केलं तर ते खोलीच्या दिशेनं १४ सेंटिमीटर जागा व्यापतं. म्हणजे एफ/१६ वरही अर्धंच इंजिन स्पष्ट. मागचे डबे, स्टेशन, डोंगराचा पडदा हे सगळं बाकीच.

यातूनच आणखी एक गोष्ट निघते, जी कॅमेऱ्याच्या दुकानात कुणी सांगत नाही. 'फुल फ्रेम' नावाचा मोठ्या सेन्सरचा महाग कॅमेरा घेतला, तर त्याच चौकटीसाठी, त्याच एफ/८ वर पट्टा ३५ वरून २३ मिलिमीटरवर येतो. फुल फ्रेमचे फायदे अनेक आहेत, पण मॉडेल रेल्वेच्या या अडचणीवर तो उपाय नाही. लग्नाचे फोटो काढणार असाल तर जरूर घ्या.

मग एफ/२२ लावून मोकळं का होऊ नये?

लावता येतं, आणि फिल्मच्या काळात लोक तेच करत. काही जण तर पातळ पत्र्याला सुईनं भोक पाडून ते लेन्सऐवजी बसवत आणि लांबलचक एक्स्पोजर देत, म्हणजे प्रकाश बराच वेळ आत येऊ देत. कॅलिफोर्नियातल्या माँटेरीचे जॉन ॲलन (१९१३–१९७३) व्यवसायानं छायाचित्रकार होते. त्यांची 'गोर अँड डेफेटिड' ही मॉडेल रेल्वे जगभर माहीत झाली ती बरीचशी त्यांनी स्वतः काढलेल्या फोटोंमुळे.

पण बारीक भोकातून जाताना प्रकाश पसरतो. याला डिफ्रॅक्शन म्हणतात. एफ/११ ला प्रकाशाचा एक बिंदू सेन्सरवर सुमारे ०.०१५ मिलिमीटरचा ठिपका होऊन पडतो, एफ/२२ ला ०.०३ मिलिमीटरचा. आजच्या २४ मेगापिक्सेलच्या एपीएस-सी कॅमेऱ्याचा एक पिक्सेल ०.००४ मिलिमीटरचा असतो. म्हणजे एफ/२२ ला पट्टा जाड मिळतो खरा, पण त्या पट्ट्यातलं सगळंच थोडं मऊ. रिव्हेट, नंबरप्लेट, डब्यावरची अक्षरं, ज्यांच्यासाठी डोळे फोडले तीच आधी जातात. फोनवर पाठवायच्या फोटोला एफ/१६ चालून जातं. छापून भिंतीवर लावायचा असेल तर एफ/८ ते एफ/११ च्या पुढे जाऊ नये.

बारीक अपर्चरचा दुसरा त्रास ग्वाल्हेरकरांना वेगळा सांगायला नको: धूळ. सेन्सरवर बसलेला जो कण एफ/४ ला दिसतही नाही, तो एफ/१६ ला आकाशात काळा डाग होऊन उभा राहतो. आणि मॉडेलवरची धूळ तर निराळीच. एक मिलिमीटरचा कापसाचा तंतू एचओच्या जगात नऊ सेंटिमीटरचा दोर असतो. लूचे दिवस असतील तर फोटोआधी मऊ ब्रश आणि हवेचा फुगा, दोन्ही फिरवा, आणि मग फोटो मोठा करून पुन्हा बघा. डोळ्याला न दिसलेली जळमटं तिथं दिसतात.

लेन्स: घरात आहे ती आधी

कॅमेऱ्याबरोबर आलेली १८–५५ मिलिमीटरची किट लेन्स लोक पहिल्या वर्षातच नाकं मुरडून कपाटात टाकतात. मॉडेल रेल्वेसाठी ती चांगली आहे, आणि हे मी समजूत घालायला म्हणत नाही. कॅनन आणि निकॉनच्या अलीकडच्या किट लेन्स २५ सेंटिमीटरपर्यंत जवळ फोकस करतात, आणि एफ/८ वर त्यांची स्पष्टता या कामाला पुरते. विकत घेताना लेन्सच्या माहितीत दोनच आकडे पाहा: किती जवळ फोकस करते, आणि वस्तूचं चित्र सेन्सरवर जास्तीत जास्त किती मोठं पाडते. एफ/१.८, एफ/१.४ असले आकडे आपल्या कामाचे नाहीत. ते उघड्या भोकाचे आहेत आणि आपण भोक मिटवून बसणार आहोत. स्वस्त आणि लोकप्रिय ५० मिलिमीटर एफ/१.८ लेन्स म्हणूनच इथं मला फारशी पटत नाही. कॅननची ती लेन्स ३०-३५ सेंटिमीटरच्या आत येऊ देत नाही, आणि तिची खरी ताकद आपण वापरतच नाही.

मॅक्रो लेन्स म्हणजे वस्तूचं चित्र सेन्सरवर खऱ्या आकाराइतकं पाडू शकणारी. निकॉनच्या लेन्सवर 'मायक्रो' लिहिलेलं असतं, ती हीच. निकॉनची ४० मिलिमीटर, कॅननची ६०, टॅमरॉनची ९० ही जुनी, नावाजलेली नावं. सेकंडहँड मिळाल्या तरी चालतात. त्या कधी लागतात? इंजिनाची नंबरप्लेट, गार्डाचा चेहरा, डबे जोडणारं कपलिंग असं एवढंसं काही चौकट भरून हवं असेल तेव्हा. किंवा तुमचं प्रमाण एन असेल तेव्हा. पूर्ण गाडीच्या फोटोला मॅक्रोची गरज नसते.

खरा फरक पडतो तो फोकल लेन्थनं. फोकल लेन्थ म्हणजे लेन्स किती रुंद किंवा किती अरुंद पाहते त्याचं माप. तीच २३ सेंटिमीटरची चौकट भरायला ९० मिलिमीटरच्या लेन्सनं जवळजवळ एक मीटर मागं जावं लागतं, म्हणजे खऱ्या मापात ८५-८६ मीटर. शेताच्या बांधावरून गाडी पाहिल्यासारखं चित्र येतं. डबे एकमेकांना चिकटलेले, मागचा डोंगर पुढे ओढलेला. २४ मिलिमीटरला अंतर २६ सेंटिमीटरवर येतं, खऱ्या मापात २३ मीटर. आता तुम्ही स्टेशनात आहात, इंजिन अंगावर येतंय, शेवटचा डबा लहान होत गेलाय. नॅरोगेजच्या मॉडेलला हेच दृश्य शोभतं, कारण ती गाडी लोकांनी लांबून पाहिलेली नाही. तिच्याबरोबर चालत, लटकत पाहिली आहे. किट लेन्स २४ ते ३५ च्या मध्ये ठेवा आणि सुरुवात करा.

टिल्ट-शिफ्ट लेन्सचं नाव कुणीतरी घेईलच. तिच्यात स्पष्टतेचा पट्टा तिरका करता येतो, म्हणजे तो गाडीच्या लांबीबरोबर झोपवता येतो. सुंदर चीज आहे, किंमतही तशीच. पुढच्या उपायानंतर तिची गरज बहुतेकांना उरत नाही.

'माझा फोन पुरेसा नाही का?'

बऱ्याच वेळा पुरेसा आहे, आणि एका बाबतीत तर सरस. फोन उलटा, डोक्यावर उभा केला की त्याची लेन्स टेबलापासून दीड-दोन सेंटिमीटरवर येते. एचओच्या जगात ही बरोबर माणसाच्या डोळ्याची उंची. टेबलावर ठेवलेल्या मोठ्या कॅमेऱ्याला हे जमतच नाही.

पट्ट्याच्या बाबतीत फोनबद्दल थोडा गैरसमज आहे. फोनच्या मुख्य कॅमेऱ्याचं अपर्चर ठरलेलं असतं, साधारण एफ/१.८, ते मिटवता येत नाही. सेन्सर लहान असल्यामुळे पट्टा जाड मिळतो, पण मध्यम आकाराच्या सेन्सरच्या फोनवर तो एपीएस-सी कॅमेऱ्याच्या एफ/५.६ इतकाच भरतो. महाग फोनमध्ये सेन्सर मोठे होत चाललेत, तसा तो आणखी आक्रसतो. फोनच्या अल्ट्रावाइड, म्हणजे खूप रुंद पाहणाऱ्या कॅमेऱ्याचा पट्टा बराच जाड असतो, पण स्वस्त फोनमध्ये तो जवळ फोकसच करत नाही. दोन मेगापिक्सेलचा 'मॅक्रो कॅमेरा' असेल तर तो आहे हे विसरून जा. पोर्ट्रेट मोड बंद ठेवायचा, हे आता वेगळं सांगायला नको.

एका फोटोऐवजी पंधरा

एका फोटोत पट्टा पुरत नसेल, तर अनेक फोटो काढायचे. कॅमेरा जागचा हलवायचा नाही. फोकस तेवढा पुढून मागं थोडाथोडा सरकवायचा. पहिल्या फोटोत बफर स्पष्ट, दुसऱ्यात इंजिनाचं नाक, तिसऱ्यात कॅब, असं शेवटी मागच्या डोंगरापर्यंत. मग सॉफ्टवेअर प्रत्येक फोटोतला स्पष्ट भाग तेवढा उचलतं आणि एक चित्र बनवतं. अळूवडीच्या उंड्याचे काप करून ते परत ओळीनं जोडून उंडा उभा करावा, तसं. याला फोकस स्टॅकिंग म्हणतात. सगळ्या फोटोंत एफ/८ राहतं, म्हणून डिफ्रॅक्शनही आड येत नाही. काप एकमेकांवर थोडे चढलेले असावेत. पट्टा ३५ मिलिमीटरचा असेल तर पंचविसेक मिलिमीटरनं पुढे सरका. टेबलावरच्या साध्या दृश्याला दहा-पंधरा फोटो पुरतात.

निकॉन डी८५० (२०१७) पासून निकॉनच्या काही कॅमेऱ्यांत, आणि कॅननच्या अनेक मिररलेस कॅमेऱ्यांत, फोकस आपोआप सरकवत फोटो काढण्याची सोय आली. ऑलिंपसच्या ई-एम१ मध्ये तर २०१५ च्या सुधारणेनंतर कॅमेराच फोटो जोडून देऊ लागला. आपल्या कॅमेऱ्यात ती सोय नसेल तर लेन्सची कडी हातानं फिरवा. किंवा कॅमेरा केबलनं लॅपटॉपला जोडून डिजिकॅमकंट्रोल हे मोफत सॉफ्टवेअर वापरा. त्यात कॅमेऱ्याला हात लावावा लागत नाही, हे महत्त्वाचं.

कारण थोडंही हललं की काम बिघडतं. एक्स्पोजर मॅन्युअल (हातानं ठरवलेलं), व्हाइट बॅलन्स (रंगांचा समतोल) ठरलेला, आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) १००, दोन सेकंदांचा टायमर. दिवा एकच, सूर्यासारखा एका बाजूनं. खिडकीचा उजेड आणि ट्यूबलाइट एकत्र आले की अर्धं इंजिन निळं, अर्धं पिवळं. पंखा बंद. कूलरही बंद, त्याच्या थरथरीनं लाकडी फरशीवरचं टेबल हलतं आणि मॉडेलची झाडं डोलतात. मे महिन्यात हे कठीण आहे, मान्य. पहाटे करा.

कोणतं सॉफ्टवेअर

इथं दोन वेगवेगळी कामं आहेत आणि लोक ती एकत्र करून गोंधळतात. एक, फोटोचे रंग-उजेड सुधारणं. त्यासाठी लाइटरूम सर्रास वापरतात. डार्कटेबल आणि रॉथेरपी ही मोफत आहेत आणि कमी नाहीत. दुसरं, स्टॅकिंग. लाइटरूम ते करत नाही. फोटोशॉपमध्ये ही सोय २००८ च्या सीएस४ पासून आहे: सगळे फोटो लेयर म्हणून उघडायचे, ऑटो-अलाइन, मग ऑटो-ब्लेंड. पैसे आधीच भरत असाल तर आणखी काही घेऊ नका. अफिनिटी या सॉफ्टवेअरमध्येही फोकस मर्ज, म्हणजे स्टॅकिंगच, आहे.

याच कामासाठी बनलेली दोन नावं म्हणजे हेलिकॉन फोकस आणि झेरीन स्टॅकर. दोन्ही ठरावीक मुदतीपुरती वापरून पाहता येतात. मोफत हवं असेल तर हुगिन या पॅनोरमा जोडणाऱ्या सॉफ्टवेअरबरोबर 'अलाइन इमेज स्टॅक' आणि 'एन्फ्यूज' अशी दोन साधनं येतात. ती काळ्या खिडकीत आज्ञा टाइप करून चालवावी लागतात, म्हणून लोक घाबरतात. एन्फ्यूजला एवढंच सांगायचं असतं की उजेड आणि रंग पाहू नकोस, फक्त कॉन्ट्रास्ट पाहा, आणि मास्क कडक ठेव, म्हणजे प्रत्येक ठिपका एकाच फोटोतून घे. एकदा ती ओळ लिहून ठेवली की जन्मभर पुरते.

खरी परीक्षा होते सिग्नलचा खांब, तारा, झाडाच्या फांद्या यांच्यापाशी. पुढचा खांब धूसर असलेल्या फोटोत तो मागच्या डोंगरावर पसरतो, आणि जोडलेल्या चित्रात खांबाभोवती फिकट वलय उरतं. झेरीनमध्ये यासाठी दोन पद्धती आहेत. पीमॅक्स तारा आणि फांद्या छान सोडवते, पण दाणे आणि कॉन्ट्रास्ट वाढवते. डीमॅप रंग मऊ आणि खरे ठेवते, पण कडांशी अडखळते. जाणकार दोन्ही काढतात आणि डीमॅपच्या चित्रावर तारांपुरता पीमॅक्सचा तुकडा लावतात. त्याहून सोपा उपाय म्हणजे खांब काढून ठेवणं, नाहीतर त्याच्या मागं लांबचं काही येऊ न देणं. सॉफ्टवेअरशी भांडण्यापेक्षा खांब हलवणं केव्हाही स्वस्त.

लॅपटॉपची मेमरी कमी असेल तर पंधरा रॉ (कॅमेऱ्यातल्या मूळ, जड) फाइली एकदम जोडायला जाऊ नका. आधी रंग सुधारून त्यांच्या जेपेग करा, सगळ्यांना तीच सेटिंग लावून, आणि मग जोडा.

'पण मग हा फोटो खोटा नाही का?'

स्टॅकिंगला मी खोटं मानत नाही. खऱ्या गाडीच्या फोटोत जी स्पष्टता फुकट मिळते, तेवढीच ते परत मिळवून देतं. टेबलाची कड पुसणं, मागच्या भिंतीच्या जागी आकाश लावणं, हेही मला चालतं, फक्त आकाशातला उजेड ज्या बाजूला, गाडीची सावली त्याच्या उलट बाजूला पडायला हवी. लोक इथंच सर्वांत जास्त घसरतात: सावली डावीकडे आणि सूर्यास्तही डावीकडे.

धूर मात्र जपून. आपल्या नॅरोगेजवर शेवटच्या वर्षांत एनडीएम-५ डिझेल इंजिनं होती. त्यांच्या मॉडेलवर वाफेच्या इंजिनाचा पांढरा ढग चिकटवलेला पाहिला की रेल्वेवाला लगेच हसतो. त्यापेक्षा छतावर माणसं हवीत. त्यांच्याशिवाय ती गाडी ओळखूच येत नाही. आणि ती सॉफ्टवेअरमध्ये चिकटवू नका. एचओची बसलेली पुतळी सेंटिमीटरभर उंच असते. गोंदाच्या थेंबानं डब्यावर बसवा. सावल्या बरोबर पडतात, स्टॅकिंगमध्ये वलय येत नाही, आणि पुढच्या फोटोत ती तिथंच बसलेली असतात.